वजनदार मसल कार ट्रॅक डेला चालते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेट्रॉईटच्या आसपास, ट्रॉय-नोव्हाय-कॅन्टन पट्ट्यात, गाड्यांच्या कंपन्यांत नोकरी करणारी मराठी मंडळी पुष्कळ आहेत. त्यातल्या अनेकांच्या गॅरेजमध्ये मुलांच्या सायकलींशेजारी एखादी व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाची गाडी, उभी असते. ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे गाड्यांची मोठी मिरवणूक, झाली की पुढचे काही आठवडे मला तेच प्रश्न विचारले जातात: ही गाडी ट्रॅक डेला, म्हणजे शर्यत नसताना आपलीच गाडी रेस ट्रॅकवर चालवायच्या दिवसाला, न्यायची म्हणतोय, जमेल का? मी मिशिगन, ओहायो आणि विस्कॉन्सिनमधल्या ट्रॅकवर गाडी चालवतो आणि नवख्यांच्या शेजारी बसून त्यांना शिकवतोही. इथली उत्तरं त्यातून आलेली आहेत. मसल कार म्हणजे इथे मुख्यतः चॅलेंजर, कॅमारो आणि मस्टँग, साधारण २०१५ पासूनच्या.

थोडक्यात सांगा, चालते की नाही?

चालते, पण कोणती आहे ते बघून. कॅमारो एस.एस. वन-एल-ई, म्हणजे कॅमारोचं ट्रॅकसाठीचं मॉडेल, असेल तर डोळे झाकून न्या. मस्टँग जी.टी. परफॉर्मन्स पॅकेजसह असेल तर ब्रेकची तयारी करून न्या. चॅलेंजर हेलकॅट आधीच दारात असेल तर एकदा तरी जरूर न्या, मजा येईल. पण खास ट्रॅकसाठी म्हणून हेलकॅट विकत घेऊ नका.

वजन, वजन म्हणता, पण आकडे काय आहेत?

माझदा मियाटा सुमारे १,०६० किलोची. टोयोटा जी.आर. ८६ सुमारे १,२७० किलोची. मस्टँग जी.टी. आणि कॅमारो एस.एस. वन-एल-ई दोन्ही १,७०० किलोच्या आसपास. मस्टँगचंच तगडं मॉडेल शेल्बी जी.टी. ५०० जवळपास १,८९० किलोची. हेलकॅट २,००० किलोच्या वर जाते आणि त्यातलं निम्म्याहून बरंच जास्त वजन पुढच्या चाकांवर असतं.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. जड होण्याचा रोग फक्त अमेरिकन गाड्यांना लागलेला नाही. २०२५ ची बी.एम.डब्ल्यू. एम ५ हायब्रिड झाल्यापासून २,४०० किलोच्या पुढे गेली आहे. तिच्या शेजारी कॅमारो सडपातळ दिसते. म्हणून 'अमेरिकन गाडी म्हणजे बोजड' असं सरसकट बोलणाऱ्यांशी माझं पटत नाही.

हेलकॅटला ७०७ घोड्यांची ताकद असताना दोन-चारशे किलोंनी काय बिघडतं?

सरळ रस्त्यावर काही बिघडत नाही. सगळा हिशोब ब्रेकवर आणि वळणावर चुकता होतो.

कॉलेजातलं सूत्र आठवा: गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाचा निम्मा गुणिले वेगाचा वर्ग. चालक आणि पेट्रोल धरून २,१०० किलोची हेलकॅट लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी ताशी २०० किलोमीटरवर आहे आणि वळणासाठी तिला ८० वर यायचंय. या एका ब्रेकिंगमध्ये सुमारे २७ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी टाकावी लागते. थोडी हवेच्या विरोधात जाते, बाकी जवळपास सगळी ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता म्हणून शिरते. एवढ्या उष्णतेत घरातल्या साध्या तापमानाचं आठ लिटर पाणी उकळीला येईल, आणि ब्रेक ती चार-पाच सेकंदांत घेतात. एका लॅपमध्ये असं तीन-चारदा होतं आणि वीस मिनिटांच्या सेशनमध्ये लॅप सात-आठ तरी होतात.

आता मियाटा घ्या. चालकासह १,१५० किलो. ताकद कमी, म्हणून त्याच पट्ट्याच्या शेवटी ती समजा १६५ वर पोचते. तिथून ८० वर यायला तिला साधारण ९.२ लाख ज्यूल टाकावे लागतात. म्हणजे हेलकॅटचं वजन मियाटाच्या दुपटीहून कमी असलं तरी उष्णता तिप्पट. ताकद इथे गाडीच्या मदतीला येत नाही, उलट वळणाशी पोचण्याचा वेग वाढवून ब्रेकचं काम आणखी अवघड करते.

वळणात टायरचा स्वभाव आडवा येतो. टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड वाढते, पण दुप्पट होत नाही. भार वाढत जातो तशी प्रत्येक किलोमागे मिळणारी पकड कमी होत जाते. जड गाडी वळताना बाहेरच्या पुढच्या टायरवर एवढं वजन टाकते की तो आधी गरम होतो, मग निसरडा होतो, आणि स्टिअरिंग वळवलं तरी नाक सरळच जायला लागतं. रुंद टायर लावून हे लांबवता येतं. हेलकॅटला मूळचे २७५ रुंदीचे टायर होते, तिच्या रुंद अंगाच्या वाईडबॉडी मॉडेलला ३०५ चे आले ते याचसाठी, आणि फरक खरोखर जाणवतो.

मग जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकवर अमेरिकन गाड्यांचे विक्रम कसे होतात?

होतात, आणि ते खरे आहेत. कॅमारो झेड-एल-वन वन-एल-ईने २०१७ मध्ये ७ मिनिटं १६.०४ सेकंद अशी वेळ दिली. मस्टँग जी.टी.डी.ने २०२४ मध्ये ६ मिनिटं ५७.६८५ सेकंद दिली, सात मिनिटांच्या आत येणारी ती पहिली अमेरिकन कंपनीची रस्त्यावरची गाडी. आणि ती काही हलकी नाही, जवळपास दोन टनांची आहे. याचा अर्थ जड गाडी वेगवान करता येते.

पण ती कशी केली ते बघा. प्रचंड रुंद टायर, रेसिंगच्या घराण्यातले डँपर (शॉक ॲब्सॉर्बर), हवेचा दाब वापरणारे पंख, जागोजागी कूलर, आणि जी.टी.डी.ची किंमत तीन लाख डॉलरच्या वर. विक्रम एका लॅपचा असतो. ट्रॅक डेला तुम्हाला सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत चार-पाच सेशन काढायची असतात आणि त्याच गाडीने घरी यायचं असतं. मला विचाराल तर ट्रॅक डेची चांगली गाडी ती, जी चौथ्या सेशनलाही पहिल्या सेशनसारखी वागते. लॅप टाइम नंतर.

ब्रेकचं नेमकं काय करायचं?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

आधी ब्रेक फ्लुइड, म्हणजे पेडलचा दाब ब्रेकपर्यंत नेणारा द्रव. शोरूममधून येणाऱ्या डॉट ४ फ्लुइडचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पण ते हवेतला ओलावा शोषतं आणि जुनं झालं की हा आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. कॅलिपरमध्ये, म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात, फ्लुइड उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून तुमचा पाय वाफ दाबत बसतो आणि पिस्टन हलत नाहीत. ट्रॅकसाठीचं फ्लुइड नवं असताना ३०० अंशांच्या वर टिकतं. ते घाला, आणि ट्रॅकवर जाण्याच्या आदल्या आठवड्यात बदलून घ्या. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा फरक याने पडतो.

मग पॅड. हेलकॅटला पुढे ३९० मिलिमीटरच्या डिस्क आणि सहा पिस्टनचे ब्रेम्बो कॅलिपर आहेत, जी.टी. ५०० ला तर ४२० मिलिमीटरच्या डिस्क आहेत. हार्डवेअर कमी नाही. पण रस्त्यासाठीचे पॅड थंडीत सकाळी आवाज न करता चालावेत म्हणून बनवलेले असतात, त्यांना ही उष्णता सोसत नाही. ट्रॅकचे पॅड घाला. थंड असताना ते किंचाळतात आणि काळी भुकटी चाकांवर बसते, ते सोसावं लागतं.

बिघाड कोणता आहे ते पायाला कळतं, फक्त ओळखायला हवं. विस्कॉन्सिनमधल्या रोड अमेरिका ट्रॅकवर पाचव्या वळणाकडे येताना रस्ता उतरणीचा आहे. लांब पट्टा संपत येतो, व्ही-८ दोनशेच्या वर गेलेली असते, आणि समोर नव्वद अंशांचं डावं वळण. तिसऱ्या-चौथ्या लॅपला तुम्ही नेहमीच्या खुणेवर ब्रेक दाबता. पेडल दगडासारखं घट्ट आहे, पण गाडी थांबतच नाही, नाकात जळका वास येतो. हे पॅड संपले, म्हणजे तापून त्यांची पकड गेली. दुसरा प्रकार: पेडल मऊ लागतं, नेहमीपेक्षा खाली जातं, पुन्हा दाबलं की थोडं वर येतं. हे फ्लुइड उकळलं. दोन्हींत लगेच वेग उतरवा, हात वर करून लाईन सोडा आणि हळू लॅप करून आत या. दुसऱ्या प्रकारात त्या दिवशी फ्लुइड ब्लीड केल्याशिवाय, म्हणजे आतले बुडबुडे काढून टाकल्याशिवाय, परत बाहेर पडू नका, थंड झाल्यावर पेडल बरं वाटलं तरीसुद्धा.

पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक लावू नका आणि पाय ब्रेकवर ठेवून उभे राहू नका. तापलेला पॅड डिस्कला एका जागी चिकटून राहिला की तिथे पॅडचा थर बसतो आणि पुढे ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा तो थर असतो. गिअरमध्ये ठेवा किंवा पार्कमध्ये टाका, आणि चाकामागे लाकडाचा ठोकळा लावा.

इंजिन आणि गिअरबॉक्स गरम होतात का?

होतात, आणि इथे कंपनीने कोणते कूलर दिलेत हे पाहणं महत्त्वाचं. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण २०१६ ची मस्टँग शेल्बी जी.टी. ३५०. फ्लॅट-प्लेन क्रँकचं (रेसिंगच्या धाटणीच्या क्रँकशाफ्टचं) ५.२ लिटरचं इंजिन, ५२६ घोडे, मिनिटाला ८,२५० फेऱ्यांपर्यंत फिरणारं. अप्रतिम गाडी. पण ट्रॅक पॅकेज नसलेल्या गाड्यांत गिअरबॉक्सचा आणि डिफरन्शियलचा (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाचा) कूलर नव्हता. ट्रॅकवर तेल तापलं की गाडी स्वतःला वाचवायला ताकद कापायची. मालक चिडले, प्रकरण कोर्टात गेलं. २०१७ च्या मॉडेलपासून मात्र ते कूलर सगळ्या जी.टी. ३५० मध्ये आले. जुनी घेताना म्हणून वर्ष आणि पॅकेज दोन्ही तपासा.

कॅमारो वन-एल-ईचं मी एवढं कौतुक करतो ते याच कारणाने. इंजिन तेल, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल तिघांनाही कंपनीचेच कूलर आहेत, इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल आहे, मॅग्नेटिक डँपर आहेत. कॅमारो बनवणारी जनरल मोटर्स आपल्या ट्रॅकसाठीच्या गाड्यांची चोवीस तासांची ट्रॅक-चाचणी घेते, आणि ते चालवताना जाणवतं.

सुपरचार्जरवाल्या गाड्यांचा त्रास वेगळा. सुपरचार्जर हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, इंटरकूलर ती थंड करतो, पण जुलैच्या दुपारी त्याचंही पाणी तापत जातं. मग संगणक इग्निशन टायमिंग मागे घेतो आणि ताकद गुपचूप कमी होते. ७०७ घोडे पहिल्या दोन लॅपला असतात, सहाव्या लॅपला ते तेवढेच असतील याची खात्री नाही. यावर उपाय साधा आहे: दोन लॅप जोरात, एक लॅप हळू. सेशनचा शेवटचा लॅप नेहमी ब्रेक जवळपास न वापरता, वरच्या गिअरमध्ये काढा, आणि पिटमध्ये आल्यावर बॉनेट उघडून ठेवा.

टायर किती टिकतात?

जड गाडीत कमी. किती कमी, हे चालवण्यावर आहे, पण पुढच्या टायरची बाहेरची कड आधी जाते हे नक्की. मस्टँग आणि कॅमारो दोन्हींना पुढे स्ट्रट सस्पेन्शन आहे, आणि कंपनीच्या सेटिंगला नकारात्मक कँबर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असणं, ट्रॅकच्या मानाने फारच थोडा असतो. वळणात गाडी कलंडली की टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो. सेशननंतर खाली बसून डावा-उजवा पुढचा टायर हाताने चाचपा. कडेवर रबराच्या बारीक लाटा आल्या असतील आणि आतला भाग अजून गुळगुळीत असेल तर कँबर कमी आहे. अडीच अंशांच्या आसपास नेला तर टायर वाचतात आणि गाडीचं नाकही वळायला लागतं.

हवेचा दाब सकाळी थंड असताना नेहमीपेक्षा थोडा कमी ठेवा, सेशननंतर लगेच मोजा आणि वाढलेला सोडून द्या. जड गाडीत तो सहा-आठ पी.एस.आय. सहज चढतो. संध्याकाळी घरी निघण्याआधी परत भरायला विसरू नका.

खर्चाचं म्हणाल तर वीस इंची चिकट टायरचा संच दीड-दोन हजार डॉलरला पडतो. मियाटाचा त्याच्या निम्म्याहून कमीत येतो आणि जास्त दिवस चालतो. वर्षाला पाच-सहा ट्रॅक डे करणार असाल तर गाडीच्या किमतीपेक्षा हा फरक जास्त बोचतो.

माझ्याकडे चॅलेंजर आहे. तुम्ही तिला नावं ठेवताय का?

अजिबात नाही. चॅलेंजर ही लांब रस्त्यावर चार माणसं आणि सामान घेऊन आरामात जाणारी, आणि सरळ पट्ट्यावर भल्याभल्यांना मागे टाकणारी गाडी आहे. २०१८ ची डेमन, २०२३ ची डेमन १७० या गाड्या ड्रॅग स्ट्रिपसाठी, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीसाठीच घडवल्या गेल्या. १७० तर ई-८५ या इथेनॉलमिश्रित इंधनावर १,०२५ घोडे देते. तिचं घर पाव मैलाची पट्टी आहे.

वळणांच्या ट्रॅकवर न्यायची तर सुपरचार्जर नसलेली ६.४ लिटरची स्कॅट पॅक मला हेलकॅटपेक्षा जास्त आवडते. ४८५ घोडे, नाकावर थोडं कमी वजन, ताकद हळूहळू चढणारी. वाईडबॉडी असेल तर आणखी बरी. आणि कोणतीही चॅलेंजर असली तरी एक नियम पाळा: ज्या खुणेवर ब्रेक मारावासा वाटतो त्याच्या बरंच आधी मारा. जड गाडीला वळणात घाईने शिरवलं की मग दुरुस्त करायला ट्रॅकची रुंदी पुरत नाही.

मी कधीच ट्रॅकवर गेलो नाही. शिकायला ही गाडी बरी का?

शिकता येतं, पण सावकाश. मोठी ताकद चुका झाकते. वळणातून वाकडे-तिकडे बाहेर पडलात तरी पुढच्या पट्ट्यावर गॅस दाबला की वेळ भरून निघते, आणि तुम्हाला वाटतं आपण चांगलं चालवतोय. हलक्या, कमी ताकदीच्या गाडीत वळणात घालवलेला वेग परत मिळत नाही, त्यामुळे चूक लगेच समजते. माझ्या शेजारी बसलेल्यांपैकी सगळ्यात झपाट्याने सुधारलेले लोक जी.आर. ८६ आणि मियाटा चालवणारे होते.

तरीही घरात मस्टँग असेल तर नवी गाडी घेण्याची वाट बघत बसू नका. क्लबच्या ड्रायव्हर एज्युकेशनच्या दिवसाला नाव नोंदवा, नवख्यांच्या गटात जा, शेजारी प्रशिक्षक घ्या. एस.सी.सी.ए. या अमेरिकन मोटरस्पोर्ट क्लबचे संध्याकाळचे ट्रॅक नाइटचे कार्यक्रमही पहिल्या ओळखीसाठी छान असतात.

व्ही-८ वाल्यांनी आणखी एक गोष्ट जपावी. मागून मियाटा आली आणि वळणात तुम्हाला चिकटली, याचा अर्थ ती तुमच्यापेक्षा वेगवान आहे. पट्ट्यावर तुम्ही तिला सोडून जाल आणि पुढच्या वळणात ती पुन्हा तुमच्या बंपरला लागेल. हे लॅपभर चालतं आणि सगळ्यांचं सेशन वाया जातं. पट्ट्यावर हात बाहेर काढून पुढे जा म्हणून खूण करा, आणि गॅस थोडा सोडा. गॅस सोडला नाही तर १८१ घोड्यांची मियाटा तुमच्या ४६० घोड्यांना ओलांडणार कशी? नवख्यांना हे दरवेळी सांगावं लागतं.

ट्रॅक्शन कंट्रोल बंद करू का?

नाही. स्टॅबिलिटी सुरू ठेवा. गाडीत ट्रॅक मोड असेल तर तो वापरा, तो हस्तक्षेप उशिरा करतो पण तुम्हाला वाचवतो. दिवा सतत लुकलुकत असेल तर तुम्ही गॅस फार लवकर आणि फार जोरात देताय. शिवाय यंत्रणा बरेचदा मागचे ब्रेक वापरूनच चाक आवरते, म्हणजे तेही तापतात. दिवा न लागता लॅप काढता येईल असं चालवणं हेच पहिल्या वर्षाचं ध्येय ठेवा.

कोणता ट्रॅक निवडावा?

जड, ताकदवान गाडीला मोकळा आणि रुंद ट्रॅक बरा. रोड अमेरिका साडेसहा किलोमीटरचा आहे. ब्रेकिंग जबर आहे, पण दोन मोठ्या ब्रेकिंगमध्ये लांब पट्टा असतो, डिस्कला वारा लागतो. साऊथ हेवनजवळचा जिंजरमन शिकायला उत्तम, कारण बाजूला मोकळं गवत भरपूर आहे आणि चूक झाली तरी सहसा फक्त गाडी मळते. क्लार्क्स्टनचा वॉटरफर्ड हिल्स घराजवळ आहे, मला तो फार प्रिय आहे, पण छोटा आणि नागमोडी आहे. तिथे दोन टनांच्या गाडीला श्वास घ्यायला जागा मिळत नाही आणि भिंती-टायर जवळ आहेत. पहिल्याच दिवशी हेलकॅट तिथे नेऊ नका.

आवाजाची अडचण येते का?

येते. अनेक ट्रॅकवर शेजारच्या वस्तीमुळे डेसिबलची मर्यादा असते. कॅलिफोर्नियातला लगुना सेका याबाबत फार कडक आहे, तिथे बऱ्याच दिवसांना मर्यादा नव्वदीच्या आसपास असते. मूळ एक्झॉस्ट बहुतेक ठिकाणी चालतो. मफलर काढून टाकलेली व्ही-८ परत पाठवली जाते आणि फी परत मिळत नाही.

विमा आणि वॉरंटी?

नेहमीच्या विमा पॉलिसीत ट्रॅकवरच्या नुकसानीला वगळणारं कलम बहुधा असतं, मग तो दिवस शर्यतीचा नसून शिकण्याचा असला तरी. पॉलिसीतला शब्द न् शब्द वाचा आणि एका दिवसासाठीचा वेगळा ट्रॅक विमा घ्या. कर्जावर घेतलेली साठ-सत्तर हजार डॉलरची गाडी भिंतीला लागली तर हप्ते चालूच राहतात. वॉरंटीसाठी मालकाच्या पुस्तिकेत ट्रॅकवरच्या वापराबद्दल काय लिहिलंय ते बघा. काही मॉडेलच्या पुस्तिकेत ट्रॅकची तयारी कशी करायची, नवे ब्रेक कसे बसवून घ्यायचे, हे पानंच्या पानं दिलेलं असतं. ज्या कंपनीने ते लिहिलंय तिने गाडीचा तो वापर गृहीत धरलाय.

हेल्मेट कोणतं? आणखी काही छोट्या गोष्टी?

स्नेल एस.ए. प्रकारचं, म्हणजे गाड्यांच्या रेसिंगसाठी प्रमाणित केलेलं, चालू किंवा आधीच्या मानकाचं. मोटरसायकलचं हेल्मेट अनेक क्लब चालवून घेत नाहीत. उंच असाल आणि गाडीला सनरूफ असेल तर विकत घेण्याआधी हेल्मेट घालून आत बसून बघा, कॅमारोत डोकं छताला लागतं. तिच्या खिडक्याही बारीक आहेत, आरसे नीट लावून घ्या.

चाकांचे नट टॉर्क रेंचने प्रत्येक सेशनआधी तपासा. २०१५ नंतरच्या मस्टँगला २०४ न्यूटन-मीटर लागतात. तेल पूर्ण भरलेलं ठेवा. डिकीतला जॅक, पाण्याच्या बाटल्या, मुलांच्या सीट, सगळं बाहेर काढा.

डॉजची इलेक्ट्रिक गाडी चार्जर डेटोना कशी?

२,६०० किलोच्या पुढे. सरळ पट्ट्यावर झणझणीत, एक-दोन लॅपपुरती गंमत. बॅटरीची उष्णता, टायर आणि ट्रॅकवर चार्जिंगची सोय, तिन्ही बाजूंनी आज तरी ती ट्रॅक डेची गाडी नाही.

आता यातली कोणती घ्यावी?

कॅमारो आणि चॅलेंजर दोन्हींचं उत्पादन २०२३ च्या अखेरीच्या सुमारास थांबलं. नवी मिळणारी फक्त मस्टँग. पैसे असतील तर तिचं डार्क हॉर्स मॉडेल, ५०० घोडे आणि हवे ते कूलर कंपनीचेच. पण मी स्वतःच्या पैशाने घेईन ती जुनी कॅमारो एस.एस. वन-एल-ई, मॅन्युअल गिअरबॉक्सची, शक्यतो एकाच मालकाने वापरलेली. बघायला जाल तेव्हा डिस्कवर भेगा आहेत का, टायरच्या कडा कशा झिजल्यात आणि फ्लुइड कधी बदललं हे विचारा. ट्रॅकवर चालवलेली आणि त्याची नोंद ठेवलेली गाडी मला न चालवलेल्या पण दुर्लक्षित गाडीपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

पुण्यात भावाकडे मस्टँग आहे. तो दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटला नेऊ शकतो का?

फोर्डने २०१६ मध्ये भारतात आणलेली मस्टँग ५.० लिटरची व्ही-८, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची आणि ऑटोमॅटिक होती. बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ५.१२५ किलोमीटरचं आहे आणि मागचा पट्टा एक किलोमीटरहून लांब. फॉर्म्युला वनसाठी बांधलेला ट्रॅक असल्याने बाजूला मोकळी जागा भरपूर आहे, जड गाडीला ते चांगलंच. पण त्या पट्ट्याच्या शेवटचं ब्रेकिंग रोड अमेरिकाच्या पाचव्या वळणापेक्षा सोपं नाही.

दोन गोष्टी त्याला आवर्जून सांगा. पावसाळ्यात मुंबई-पुण्याच्या हवेत ब्रेक फ्लुइड ओलावा लवकर घेतं, म्हणून गेल्या वर्षी बदललंय यावर विसंबू नये, जाण्याच्या आधी नवं भरावं आणि ट्रॅकचे पॅड वेळेत मागवून ठेवावेत. आणि उत्तरेतल्या उन्हाळ्यात जाऊ नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला दिवस निवडावा, सकाळची सेशन जोरात काढावी, दुपारी सेशन लहान करावीत. गाडी ट्रकवर पाठवली तर उत्तमच. चालवत नेणार असेल तर पॅडचा जुना संच, ब्लीडिंगची नळी आणि टॉर्क रेंच डिकीत ठेवावा, म्हणजे परतीच्या चौदाशे किलोमीटरला रस्त्याचे पॅड परत बसवता येतील.